शरीराच्या वाटेने मनाचा आघात बरा होतो का? मावशीचा एक प्रश्न आणि पाच अभ्यास

या वेळचा लेख जरा घरचा आहे. पण रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरमध्ये 'नियंत्रण गट म्हणजे काय' ही व्याख्या पाठ करून दमलेल्यांना तो उपयोगी पडेल असं वाटतं. मला स्वतःला ती व्याख्या खऱ्या अर्थाने माझ्या मावशीमुळे कळली.

माझं गाव कडेगाव. सांगली जिल्ह्यातला दुष्काळी पट्टा. टेंभूचं पाणी येईपर्यंत आमच्याकडे पाण्याची भीती म्हणजे ते न येण्याची भीती. मावशीचं सासर मात्र शेजारच्या पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. आमच्या तालुक्यातून जाणारी येरळा तिकडे ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. मावशी त्या बोटीत नव्हती. ती दोन रात्री शेजाऱ्यांच्या स्लॅबवर बसून होती, खाली स्वतःच्या घरात छातीएवढं पाणी. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं.

घर दुरुस्त झालं, नवी म्हैसही आली. पण अजून पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मावशीचे हातपाय गार पडतात, छाती धडधडते, पोटात गोळा येतो, रात्र जागून काढते. मी विचारलं, पूर आठवतो का? तर म्हणाली, "आठवत काय बी न्हाई गं. पण अंगच ऐकत न्हाई."

मागच्या वर्षी कुणीतरी तिला तीन दिवसांच्या शिबिराबद्दल सांगितलं. 'शरीरात अडकलेला आघात मोकळा करतात', 'शंभर टक्के गुण येतो', आणि फी मावशीच्या दोन महिन्यांच्या दुधाच्या बिलाएवढी. तिने मला फोन केला. "तू डॉक्टर होणार न्हवं? मग सांग, जाऊ का नको?"

मी पीएच.डी. करतेय शरीरक्रियाशास्त्रात. ती 'डॉक्टर' वेगळी, हे मावशीला समजावण्यात अर्थ नव्हता. खरी अडचण अशी होती की माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'थोतांड आहे' म्हणणं सोपं होतं आणि 'जाऊन बघ' म्हणणं त्याहून सोपं. दोन्हींपैकी काहीही म्हणण्याआधी वाचायला बसले. काय सापडलं ते सांगते.

अंग का ऐकत नाही?

आधी शरीरात काय होतं ते बघू. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास 'लढा किंवा पळा' ही प्रतिक्रिया मांडली. धोका दिसला की स्वायत्त मज्जासंस्थेचा सिंपथेटिक भाग जागा होतो, अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, त्वचेकडचं आणि पचनसंस्थेकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. म्हणून हात गार पडतात आणि पोटात विचित्र वाटतं. धोका टळला की पॅरासिंपथेटिक भाग, मुख्यतः व्हेगस ही मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी नस, गाडी परत जागेवर आणते.

आता पावसाच्या आवाजाचं काय? इथे पाव्हलॉव्हचा कुत्रा आठवा. घंटा आणि अन्न एकत्र आलं की पुढे नुसत्या घंटेने लाळ सुटते. तसा पत्र्यावरचा आवाज आणि जिवावरचा धोका एकत्र आले, तर पुढे नुसता आवाज पुरतो. हे शिकण्यात मेंदूतला अमिग्डाला हा छोटा भाग मोठं काम करतो. आणि महत्त्वाचं म्हणजे यासाठी घटना गोष्टीसारखी आठवावी लागत नाही. 'आठवत काय बी न्हाई, पण अंगच ऐकत न्हाई' हे मावशीचं वाक्य शास्त्राला धरूनच आहे.

अशा त्रासाचं एक रूप म्हणजे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, थोडक्यात पीटीएसडी. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत हे निदान अधिकृतपणे आलं. त्याचे ठरलेले निकष आहेत: प्रसंग पुन्हा पुन्हा अनुभवणं, त्याच्याशी संबंधित गोष्टी टाळणं, सतत सावध राहणं, आणि हे सगळं महिन्याहून जास्त काळ टिकणं. मावशीला पीटीएसडी आहे की नाही हे ठरवणं माझं काम नाही. तुमचंही नाही, हे लक्षात असू द्या.

मग 'आघात शरीरात अडकतो' हे खरं का? बेसेल व्हॅन डर कोक यांचं २०१४ चं 'द बॉडी कीप्स द स्कोअर' हे पुस्तक आल्यापासून ही कल्पना घरोघरी गेली. रूपक म्हणून ती चांगली आहे. आपल्या भाषेतही धस्स होतं, हातपाय गळतात, जीव घशाशी येतो. पण शब्दशः घेतली तर गडबड होते. खांद्याच्या स्नायूत पूर साठलेला नसतो. शिकलेली असते ती मज्जासंस्था, आणि तिची प्रतिक्रिया शरीरात दिसते. हा फरक किरकोळ नाही. साठलेली गोष्ट तीन दिवसांत 'बाहेर काढता' येते असं कुणी म्हणू शकतो. शिकलेली गोष्ट मात्र हळूहळू नव्याने शिकावी लागते.

शरीरकेंद्री उपचार म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या समुपदेशनात बोलण्यातून आणि विचारांतून शरीराकडे जातात, म्हणजे वरून खाली. शरीरकेंद्री पद्धती खालून वर जातात. पीटर लेव्हिन यांची 'सोमॅटिक एक्स्पिरिअन्सिंग' ही त्यातली प्रसिद्ध पद्धत. तिच्यात प्रसंगाची सगळी कहाणी सांगायला लावत नाहीत. छातीत काय वाटतंय, पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का, अशा आतल्या संवेदनांकडे थोडं थोडं लक्ष न्यायला शिकवतात. पॅट ऑग्डेन यांची 'सेन्सरीमोटर सायकोथेरपी' याच घरातली. आघातग्रस्तांसाठी खास बेतलेले योगवर्ग आणि श्वसनाचे व्यायामही यात येतात.

यामागे थोडं पक्कं शरीरशास्त्र आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. नाडीवर बोट ठेवून श्वास लांबवत सोडून बघा, काहींना हा फरक लगेच जाणवतो. म्हणजे ज्या यंत्रणेवर आपला थेट ताबा नाही, तिच्यापर्यंत जाणारी एक वाट श्वासातून आहे. पण 'वाट आहे' आणि 'त्या वाटेने आजार बरा होतो' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची नाही. मध्ये पुरावा लागतो.

पाच अभ्यास, पाच पायऱ्या

पहिला अभ्यास. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतल्या मच्छीमार गावांत १५० लोकांना शरीरकेंद्री उपचाराचं ७५ मिनिटांचं सत्र दिलं गेलं. पार्कर, डॉक्टर आणि सेल्वम यांनी २००८ मध्ये हे प्रसिद्ध केलं. ८ महिन्यांनी ज्यांना विचारता आलं त्यांतल्या ९० टक्के लोकांनी बराच फरक पडल्याचं किंवा त्रास गेल्याचं सांगितलं. एका सत्रात एवढं! पण यात नियंत्रण गट नव्हता. ८ महिन्यांत लोकांना घरं मिळतात, बोटी दुरुस्त होतात, माणसं आपोआपही सावरतात. ज्यांना सत्र मिळालं नाही, त्यांच्यातल्या किती जणांना ८ महिन्यांनी बरं वाटलं असतं? तो आकडा नसेल तर ९० टक्क्यांचा अर्थ लागत नाही.

दुसरा अभ्यास. त्सुनामीग्रस्तांचाच, १८३ लोकांचा. डेसिलो आणि सहकाऱ्यांनी तो २०१० मध्ये प्रसिद्ध केला. एका गटाला योगिक श्वसन शिकवलं, दुसऱ्याला श्वसन आणि आघाताची उजळणी करणारी थेरपी, तिसरा गट प्रतीक्षा यादीवर. ६ आठवड्यांनी पीटीएसडीच्या प्रश्नावलीतले गुण श्वसनगटात सरासरी ४२ हून जास्त कमी झाले, प्रतीक्षा गटात ५ पेक्षाही कमी. इथे नियंत्रण गट आला, एक पायरी वर. पण गट पाडले ते निर्वासित छावण्यांप्रमाणे, प्रत्येक माणसाची चिठ्ठी काढून नव्हे. एका छावणीत जेवण बरं असेल, दुसरीत भांडणं असतील. फरक श्वसनाचा की छावणीचा हे मग पूर्ण सुटं करता येत नाही. शिवाय प्रतीक्षा गटाला माहीत असतं की आपल्याला काहीच मिळालेलं नाही.

तिसरा अभ्यास. २००८ मध्ये कोसीच्या पुराने बिहारमध्ये हाहाकार झाला. महिन्याभराने शर्ली टेल्स आणि सहकाऱ्यांनी २२ पूरग्रस्त पुरुषांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागणी केली. एका गटाला रोज एक तास, आठवडाभर योग. दुसरा गट थांबलेला. योगगटात दुःखाची भावना कमी झाली, दुसऱ्या गटात चिंता वाढली. पण हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतराची चढउतार, जी मज्जासंस्थेचा अंदाज देते, तिच्यात योगामुळे फरक दिसला नाही. विभागणी चोख, पण माणसं २२ आणि काळ आठवडाभराचा. मला हा अभ्यास आवडतो कारण लेखकांनी 'फरक दिसला नाही' हेही छापलं.

चौथा अभ्यास. व्हॅन डर कोक आणि सहकारी, अमेरिका, २०१४. आधीच्या उपचारांनी पुरेसा फरक न पडलेल्या ६४ स्त्रिया. निम्म्यांना १० आठवडे आघातग्रस्तांसाठी बेतलेला योग, निम्म्यांना तेवढाच वेळ स्त्री-आरोग्याचे वर्ग. ही मोठी पायरी आहे. दोन्ही गटांना घराबाहेर पडायला मिळालं, सोबत मिळाली, कुणीतरी लक्ष दिलं. शेवटी योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषांबाहेर आल्या, वर्गातल्या २९ पैकी ६. आणखी एक गोष्ट बघा. पहिल्या अर्ध्या काळात दोन्ही गट सुधारले. नंतर योगगटाची सुधारणा टिकली, वर्गगटाची घसरली. म्हणजे अभ्यास ५ आठवड्यांत आटोपला असता तर निष्कर्ष वेगळा आला असता.

पाचवा अभ्यास २०२३ चा, केली आणि सहकाऱ्यांचा. लष्करी सेवेत लैंगिक अत्याचार झालेल्या अमेरिकेतल्या १३१ माजी सैनिक स्त्रिया. या वेळी योगाची तुलना थेट एका मान्यताप्राप्त विचाराधारित थेरपीशी केली. दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखी झाली. पण उपचार शेवटपर्यंत पूर्ण करणाऱ्या योगात सुमारे ६५ टक्के, थेरपीत सुमारे ४६ टक्के. जिला प्रसंग शब्दांत सांगणंच असह्य आहे तिच्यासाठी हा आकडा फार मोलाचा आहे.

एकूण काय? पुरावा शून्य नाही आणि शंभर टक्केही नाही. आघातग्रस्तांसाठी बेतलेल्या योगाला बऱ्यापैकी आधार आहे. सोमॅटिक एक्स्पिरिअन्सिंगवर अभ्यास थोडे आहेत. २०१७ मध्ये ब्रॉम आणि सहकाऱ्यांनी इस्राएलमध्ये ६३ जणांवर १५ सत्रांचा यादृच्छिक अभ्यास केला, निकाल आशादायक आला, पण तुलना प्रतीक्षा यादीशी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी सुचवलेल्या मानसोपचारांत आघातकेंद्री सीबीटी आणि ईएमडीआर येतात.

हे आपल्याकडे नवं नाही

काहींना वाटेल, योग आपलाच, त्याला मोजायचं कशाला? आमच्या कडेगावपासून जवळच, सातारा जिल्ह्याच्या हद्दीत, औंध आहे. तिथले भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. स्वतः घालायचे, इतरांना घालायला लावायचे. तो प्रसार होता, आणि मोठा होता. दुसरीकडे १९२४ मध्ये लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. त्यांची पद्धत वेगळी होती. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब खरंच कमी होतो का, हे त्यांनी दाबमापक लावून बघितलं, क्ष-किरणांची मदत घेतली. आतड्यात निर्माण होणाऱ्या त्या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. श्रद्धा होती, तरी मोजलं. संशोधनाला लागणाऱ्यांनी मला वाटतं एवढं तरी त्यांच्याकडून घ्यावं.

हाच अभ्यास कृष्णाकाठी करायचा झाला तर?

आता तुमच्या कामाचं. समजा तुम्हाला पूरग्रस्त गावात हा अभ्यास करायचा आहे. ऑगस्टमध्ये प्रश्नावली भरून घेतली, चार महिने श्वसनाचे वर्ग घेतले, डिसेंबरमध्ये पुन्हा प्रश्नावली भरली. सगळ्यांचा त्रास निम्म्यावर! पेपर लिहायला बसाल. थांबा. डिसेंबरमध्ये पाऊस कुठे असतो?

मावशीचा त्रास पत्र्यावरच्या आवाजाशी बांधलेला आहे. आवाज थांबला की त्रास थांबणार, तुम्ही काही करा किंवा न करा. नियंत्रण गट का लागतो हे मला या एका गोष्टीतून जेवढं कळलं तेवढं कुठल्याच पुस्तकातून कळलं नव्हतं. त्याच गावात, त्याच पावसाळ्यात, त्याच पत्र्याखाली राहणारी पण वर्गाला न गेलेली माणसं तुलनेला असतील तरच पावसाचा परिणाम वजा होतो. आणि शेवटची मोजणी पुढच्या जुलै-ऑगस्टमध्येही व्हायला हवी, पुराची बातमी सुरू होते तेव्हा.

आणखी काही गोष्टी. एक, तुलनेच्या गटालाही तेवढाच वेळ आणि सोबत द्या, आरोग्याच्या माहितीचे वर्ग चालतील. दोन, मोजणी करणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं हे कळू देऊ नका. तीन, इंग्रजी प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर पुरत नाही. बेंगळुरूत ८० रुग्णांवर झालेल्या रघुराम आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या अभ्यासात दिसलं की नैराश्याच्या लक्षणांबरोबर लोकलाजेची भावना वाढते, शारीरिक तक्रारींबरोबर ती कमी असते. 'तुम्हाला उदास वाटतं का' याला मावशी 'न्हाई' म्हणेल. 'पोटात गोळा येतो का' विचारलं तर अर्धा तास बोलेल. चार, अपायाचीही नोंद ठेवा. आत लक्ष नेल्यावर काहींची भीती वाढते. जलद श्वसनाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर येते, हाताला मुंग्या येतात, आणि घाबरलेल्या माणसाला तो झटकाच वाटतो. पाच, नीती समितीची मंजुरी आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये नोंदणी, दोन्ही पहिला सहभागी घेण्याआधी. काय मोजणार हे आधी लिहून ठेवलं की नंतर सोयीचा आकडा उचलता येत नाही.

मावशीला काय सांगितलं?

मी तिला पाच अभ्यास सांगितले नाहीत. शिबिरवाल्यांना विचारायला चार प्रश्न दिले. शिकवणाऱ्याचं मानसोपचाराचं शिक्षण काय? त्रास वाढला तर चौथ्या दिवशी कोण बघणार? अंगाला हात लावण्याआधी विचारणार का? आणि ज्यांना गुण आला नाही अशी माणसं किती? शेवटच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर आलं, "असं कुणी नाहीच."

मावशी म्हणाली, "दवाखान्यातला डॉक्टर सुद्धा असं म्हणत न्हाई."

ती शिबिराला गेली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मावशीची थेरपी सुरू आहे. सोबत डॉक्टरांना विचारून ती संध्याकाळी अंगणात बसून श्वास लांबवत सोडते, पाय फरशीला टेकवून. तेही मी तिला 'उपचार' म्हणून सांगितलं नाही, 'अंगाला सवय' म्हणून सांगितलं.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. झोप लागते म्हणाली, धडधड कमी आहे. ऐकून इतकं बरं वाटलं की लगेच आईला सांगितलं. मग लक्षात आलं, आत्ता जानेवारी चालू आहे.

जुलैत पुन्हा विचारणार आहे.